‘शझॅम’ : एका मंत्रशब्दाचा आणि एका गमावलेल्या नावाचा विचार

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने अमेरिकेतील अतिमानवांच्या जुन्या चित्रकथा वाचीत बसावे, ही गोष्ट आपल्या विभागातील काही ज्येष्ठांस चमत्कारिक वाटेल, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे. परंतु अर्थविचाराच्या तासाला ‘शब्दाचा वापर’ आणि ‘शब्दाचा उल्लेख’ यांतील भेद समजावून देताना या चित्रकथांतीलच एक उदाहरण मला वर्षानुवर्षे उपयोगी पडत आले आहे. त्या उदाहरणाचा मागोवा घेता घेता असे ध्यानात आले की, ज्या नायकाची सारी शक्ती एका शब्दात साठविलेली होती, त्याचे भवितव्यही अखेर एका शब्दाच्या मालकीवरूनच ठरले. शब्द कोणाचा, तो उच्चारणाऱ्याचा, घडविणाऱ्याचा की बाजारात चालविणाऱ्याचा, हा प्रश्न या निमित्ताने जितक्या स्पष्टपणे पुढे येतो तितका तो शास्त्रीय ग्रंथांतूनही क्वचितच येतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. या चित्रकथांचे ज्याला सुवर्णयुग म्हणतात त्याचा आरंभ जून १९३८ ही तारीख छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकापासून धरण्याचा प्रघात आहे. दहा सेंटांच्या या अंकात जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी निर्माण केलेला ‘सुपरमॅन’ अवतरला. त्याचे सर्व हक्क या दोघांनी १३० डॉलरांस देऊन टाकले होते. त्या व्यवहाराची पुढील कहाणी करुण आहे, पण ती आजचा विषय नव्हे. सुपरमॅनचा खप पाहून इतर प्रकाशकांनीही आपापले अतिमानव बाजारात आणले. त्यांपैकी फॉसेट पब्लिकेशन्स या संस्थेने फेब्रुवारी १९४० च्या ‘व्हिझ कॉमिक्स’मधून जो नायक आणला, तो ‘कॅप्टन मार्व्हल’. त्याचे लेखक बिल पार्कर आणि चित्रकार सी. सी. बेक. नायकाचे नाव आधी ‘कॅप्टन थंडर’ असे योजिले होते. छपाईपूर्वीच ते बदलावे लागले. म्हणजे नामांतराचा योग या नायकाच्या पत्रिकेत जन्मापासूनच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

कथा अशी आहे. बिली बॅट्सन नावाचा एक अनाथ मुलगा वर्तमानपत्रे विकून पोट भरतो आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकावर निजतो. एका रात्री एक अनोळखी पुरुष त्यास भुयारातील एका प्राचीन दालनात नेतो. तेथे शझॅम नावाचा वृद्ध मांत्रिक बसलेला असतो. तो मुलास आपले नाव उच्चारावयास सांगतो. मुलगा ते उच्चारतो, वीज कोसळते, आणि मुलाच्या जागी तांबड्या पोशाखातील एक धिप्पाड पुरुष उभा राहतो. त्याने तोच शब्द पुन्हा उच्चारला की पुन्हा वीज, आणि पुन्हा मुलगा. सुपरमॅन आणि कॅप्टन मार्व्हल यांतील मूलगामी भेद माझ्या मते येथेच आहे. सुपरमॅनचे सामर्थ्य जन्मसिद्ध आहे. त्याला ते फक्त लपवावे लागते. बिलीचे सामर्थ्य उच्चारसिद्ध आहे. ते त्याच्या देहात नाही, जिभेवर आहे.

आता हा शब्द कसा घडला आहे ते पाहू. सोलोमनचे शहाणपण, हर्क्युलिसचे बळ, ॲटलासचा दमदारपणा, झ्यूसची शक्ती, अकिलिसचे धैर्य आणि मर्क्युरीची गती अशा सहा गुणांच्या स्वामींची पहिली अक्षरे घेऊन तो जुळविला आहे. पाणिनीय प्रत्याहाराची आठवण येणाऱ्यांनी येथे सावध राहावे. प्रत्याहारात आदिवर्ण आणि अन्त्य इत् यांच्यामधील साऱ्या वर्णांचा समावेश होतो, येथे प्रत्येक नामाचे केवळ आद्याक्षर उचलले आहे. शिवाय ही अक्षरे रोमन लिपीची आहेत, ध्वनी नव्हेत, हा भेद अधिक महत्त्वाचा. सोलोमनच्या आरंभी ‘स’ ध्वनी आहे, हर्क्युलिसच्या आरंभी ‘ह’ आहे. परंतु ‘शझॅम’मध्ये ना ‘स’ ऐकू येतो ना ‘ह’. दोन्ही रोमन अक्षरे एकत्र येऊन तिसराच ‘श’ हा ध्वनी लिहून दाखवितात. ॲटलास आणि अकिलिस यांचे आद्य स्वर इंग्रजीत एकसारखे नाहीत, तरी लिपीत ते एकच अक्षर. सारांश, बिली जो शब्द तोंडाने उच्चारतो त्यात त्या सहांपैकी पहिल्या दोघांचा ध्वनीच नाही. त्यांचे वास्तव्य कागदावर आहे. देवनागरीत हा शब्द लिहिला की श, झॅ, म अशी तीनच अक्षरे उरतात आणि सहापैकी तीन स्वामी बेघर होतात! या शब्दाचे भाषांतर तर नाहीच, पण त्याचे व्युत्पत्तीसह लिप्यंतरही अशक्य आहे.

तरीही मूळ वाचकास हे खटकले नाही, यालाही कारण आहे. चित्रकथा हे असे माध्यम आहे की ज्यात ध्वनी केवळ डोळ्यांनीच ऐकावयाचा असतो. फुग्यात मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेला शब्द वाचकापुढे एकाच वेळी उच्चार म्हणूनही येतो आणि अक्षरांची रांग म्हणूनही. नभोवाणीवर हा शब्द जन्मला असता तर त्याची अशी घडण झाली असती की नाही, याची मला शंका वाटते. गंमत म्हणजे कथेतील बिली पुढे नभोवाणीवरच निवेदक होतो.

दुसरेही एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. या सहांत सोलोमन हा यहुद्यांचा राजा आहे, झ्यूस हा ग्रीकांचा देव आहे आणि मर्क्युरी हे रोमन नाव आहे. ग्रीकांचे नाव सुसंगतपणे घ्यावयाचे तर मर्क्युरीच्या जागी हर्मीस यावयास हवा होता. परंतु मग शेवटचे अक्षर बिघडते. डिसेंबर १९४२ मध्ये बिलीची जुळी बहीण मेरी मार्व्हल अवतरली तेव्हा तिला सहा स्त्रीदेवता देण्यात आल्या: सेलेना, हिपॉलिटा, ॲरिॲड्नी, झेफिरस, ऑरोरा आणि मिनर्व्हा. यांतील झेफिरस हा वस्तुतः पश्चिमवाऱ्याचा पुरुषदेव होय. अक्षरासाठी त्याचे लिंगांतर झाले, आणि अथीनाच्या जागी मिनर्व्हा आली तीही अक्षरासाठीच. (भावाला बळ, धैर्य आणि बहिणीला लालित्य, सौंदर्य, ही गुणांची वाटणी त्या काळास शोभेशीच आहे.) फार पुढच्या काळात ब्लॅक ॲडम या प्रतिनायकासाठी याच अक्षरांवर मिसरी देवता बसविण्यात आल्या, तेव्हा थोथ या देवतेस ‘झेहुटी’ या रूपाने आणावे लागले. शब्द आधी आणि देव मागाहून, असा हा क्रम आहे. मंत्रापुढे देवतेला नमते घ्यावे लागते, हा विचार मीमांसेच्या अभ्यासकांना अगदीच अपरिचित वाटू नये.

आता या शब्दाच्या व्यापाराकडे वळू. ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत क्रियासाधक उक्तींची जी मीमांसा केली, ती पुढे १९६२ साली ग्रंथरूपाने आली. उच्चार हीच कृती. परंतु ती सिद्ध होण्यास उच्चारणारा अधिकारी हवा, प्रसंग उचित हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. फॉसेटच्या लेखकांनी ऑस्टिन वाचला असणे शक्य नव्हते. तथापि अधिकाराचा प्रश्न त्यांनी १९४१ मध्येच मोठ्या गंमतीने हाताळला. ‘शझॅम’ हा शब्द कोणीही उच्चारून भागत नाही. मग कोणी? त्या वर्षीच्या एका कथेत निरनिराळ्या भागांतून आलेली आणखी तीन मुले भेटतात, आणि त्या तिघांचेही नाव बिली बॅट्सन असते. चौघे मिळून एकाच वेळी तो शब्द उच्चारतात, आणि तिघे नवे ‘लेफ्टनंट मार्व्हल’ तयार होतात! त्यांचा अधिकार कोठून आला? ना तपश्चर्येतून, ना वंशातून, निव्वळ नामसाम्यातून. विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते की त्या नावाच्या साऱ्यांचा, या तार्किकांच्या जुन्या वादात विजेने येथे दुसऱ्या पक्षाला कौल दिला आहे.

अधिकाराचे अनुकरण करणारेही निघतात. डडली नावाचा एक लबाड पण प्रेमळ गृहस्थ आपण मेरीचे काका असल्याचे सांगून या कुटुंबात शिरतो. त्याच्या अंगी कसलेच सामर्थ्य नसते. मेरीने मंत्र उच्चारला की तोही घाईघाईने वरचे कपडे उतरवितो. आत पोशाख तयारच असतो. उडण्याची वेळ आली की ‘शझॅम्बॅगो’ने आपण हैराण आहोत अशी सबब सांगतो. इंग्रजीत कंबरदुखीला ‘लंबॅगो’ म्हणतात. तिचे शेपूट मंत्राला जोडून त्याने हा रोग स्वतःपुरता निर्माण केला आहे. मंत्राच्या साऱ्या साधितांत मला हे सर्वांत प्रिय आहे. विशेष असे की घरातील साऱ्यांना ही लबाडी ठाऊक असते आणि कोणी ती उघड करीत नाही.

या नायकाचे मर्मस्थान कोणते, हेही याच विवेचनातून निघते. सुपरमॅनसाठी परग्रहावरचा दुर्मिळ दगड शोधावा लागतो. बिलीच्या शत्रूंना तोंडात कोंबावयास बोळा पुरतो. अंकामागून अंकात हा मुलगा तोंड बांधून खुर्चीला जखडलेला दिसतो, आणि कथेचा सारा ताण त्याच्या उच्चारेंद्रियांवर येऊन ठेपतो. अर्थात लहान वाचकास हे फार जवळचे वाटले असले पाहिजे. मोठी माणसे मुलांना गप्प बसवितात, आणि एक शब्द बोलू दिला तर काय होईल, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते.

आता त्या उदाहरणाकडे येतो, ज्याच्यासाठी मी हे सारे वाचावयास घेतले. डिसेंबर १९४१ मध्ये या कुटुंबात फ्रेडी फ्रीमन हा पांगळा मुलगा आला. तो ‘शझॅम’ म्हणत नाही. ज्याच्यापासून त्याला सामर्थ्य मिळाले त्याचे नाव, म्हणजे ‘कॅप्टन मार्व्हल’, हाच त्याचा मंत्र. तो उच्चारला की फ्रेडीचा ‘कॅप्टन मार्व्हल ज्युनियर’ होतो आणि पुन्हा उच्चारला की ज्युनियरचा फ्रेडी. एका वर्षी एका विद्यार्थिनीने तासाला विचारले, “सर, मग तो स्वतःची ओळख कशी करून देतो?” उत्तर असे की, त्यास ती करून देता येत नाही. ‘मी कॅप्टन मार्व्हल ज्युनियर’ या वाक्याचा शेवट होण्यापूर्वीच वीज कोसळते आणि ‘मी’ या सर्वनामाचा निर्देश्यच बदलून जातो. तर्कदृष्ट्या पाहता ‘कॅप्टन मार्व्हल’ आणि ‘कॅप्टन मार्व्हल ज्युनियर’ ही दोन भिन्न नामे आहेत; पहिले दुसऱ्याचा घटक आहे इतकेच. पण वीज वाक्यविश्लेषण करीत नाही. तिला केवळ वर्णानुक्रम ऐकू येतो.

तेवढेच नव्हे. कोणी ज्युनियरला ‘तुझा मंत्र कोणता?’ असे विचारले, तर तो मंत्राचा वापर न करता केवळ उल्लेख करू इच्छील. आणि तेही त्यास शक्य नाही. अमेरिकन तर्कज्ञ क्वाइन यांनी आपल्या १९४० च्या ग्रंथात, म्हणजे कॅप्टन मार्व्हलच्याच जन्मवर्षी, वापर आणि उल्लेख यांची गल्लत टाळण्यासाठी अवतरणचिन्हांचा कटाक्षाने उपयोग करावा असा आग्रह धरला होता. परंतु बोलण्यात अवतरणचिन्हे कोठून आणावयाची? आपल्याकडे पाणिनीने (१.१.६८) व्याकरणशास्त्रापुरता असा संकेत घालून दिला आहे की, तांत्रिक संज्ञा वगळता, सूत्रातील शब्दाने त्याच्या अर्थाचा नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या रूपाचाच बोध व्हावा. फॉसेटच्या आकाशातील वीज ही अशी वैयाकरण आहे: शब्द कोणत्या हेतूने उच्चारला याच्याशी तिला कर्तव्य नाही, रूप कानी पडले की पुरे. डिसेंबर १९४५ च्या कथेत ब्लॅक ॲडमचा अंत याच नियमाने होतो. पाच हजार वर्षांपूर्वीचा हा दुष्ट योद्धा कोणालाच आवरत नाही. तेव्हा डडलीकाका बोलता बोलता त्याच्या तोंडून ‘शझॅम’ हा शब्द वदवून घेतात. त्याने शब्दाचा केवळ उल्लेख केलेला असतो, पण तो मूळ रूपात येतो आणि पाच सहस्रकांचे वार्धक्य त्यास एका क्षणात गाठते. बळाने न जिंकता आलेला शत्रू काकांनी अर्थविचाराने जिंकला.

तुलनेसाठी सुपरमॅनच्या कथांतील १९४४ चा तो खोडकर बुटका घ्यावा, ज्याचे नाव केवळ व्यंजनांच्या ओळीने बनलेले आहे, आणि जो स्वतःचे नाव उलट म्हटल्यावर आपल्या लोकी परत जातो. ते नाव सुलट उच्चारणेही इंग्रजी जिभेस दुष्कर. येथे उलटापालट अक्षरांची आहे, ध्वनींची नव्हे.

आतापर्यंतचा विचार कथेच्या आतला झाला. बाहेर याच नायकाच्या शब्दांवर निराळाच व्यवहार चालू होता. कॅप्टन मार्व्हलचा खप दर अंकास दहा लाखांच्या वर गेला होता, १९४१ मध्ये रिपब्लिक पिक्चर्सने त्याच्यावर बारा भागांचा मालिकापट काढला होता. आणि त्याच वर्षी सुपरमॅनच्या मालकांनी फॉसेटवर नक्कल केल्याचा दावा लावला. प्रकरण १९४८ मध्ये सुनावणीस आले. कनिष्ठ न्यायालयाने नक्कल झाल्याचे मान्य केले, परंतु वृत्तपत्रांतील सुपरमॅनच्या पट्ट्यांवर स्वामित्वहक्काची योग्य सूचना छापली नसल्याने तो हक्क सोडून दिल्यासारखा झाला, असेही म्हटले. १९५१ मध्ये अपील न्यायालयात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी हा दुसरा निष्कर्ष फिरविला, आणि नेमक्या कोणत्या कथांची नक्कल झाली ते तपासण्यासाठी प्रकरण परत पाठविले. तोवर अतिमानवांच्या कथांचा बाजार मंदावला होता. फॉसेटने १९५३ मध्ये तडजोड केली, मोठी रक्कम दिली आणि कॅप्टन मार्व्हलचे प्रकाशन बंद करण्याचे कबूल केले. तोंडात बोळा कोंबण्याचे जे काम तेरा वर्षे कोणा खलनायकास कायमचे साधले नव्हते, ते एका करारनाम्याने साधले.

या मौनाचे परिणाम दोन ठिकाणी दिसून आले. पहिले इंग्लंड. तेथे फॉसेटच्या कथा पुनर्मुद्रित करणाऱ्या एल. मिलर अँड सन या संस्थेचा पुरवठा एकाएकी थांबला. तेव्हा मिक अँग्लो यांनी १९५४ मध्ये ‘मार्व्हलमॅन’ उभा केला: तोच साचा, केस मात्र सोनेरी, आणि मंत्र ‘किमोटा’. हा शब्द ‘ॲटॉमिक’चे उलट रूप होय, परंतु अक्षरे उलटविली तर आरंभी जे रोमन अक्षर येते त्याच्या जागी ‘क’चा निःसंदिग्ध उच्चार दाखविणारे दुसरे अक्षर घातले आहे. म्हणजे येथे कानाचा विचार झाला. ‘शझॅम’मध्ये सहा पुराणपुरुष होते, ‘किमोटा’त अणू आला. मधल्या चौदा वर्षांत शक्तीचे दैवत कोणते झाले, हे त्या दोन शब्दांवरून कळते. पुढे १९८२ मध्ये ॲलन मूर यांनी या नायकास पुन्हा जागे केले, तेव्हा मंत्र विसरलेल्या प्रौढ नायकास काचेच्या दारावरील ‘ॲटॉमिक’ हा शब्द मागील बाजूने उलटा दिसतो आणि तो मोठ्याने वाचतो, असा प्रसंग त्यांनी योजिला. वाचन हेच उच्चारण ठरले. आणि या नायकासही १९८५ मध्ये अमेरिकेत ‘मिरॅकलमॅन’ हे दुसरे नाव घ्यावे लागले, कारण ‘मार्व्हल’ हा शब्द आता दुसऱ्याच्या दप्तरी जमा होता.

तो कसा, हे दुसऱ्या परिणामात आहे. स्वामित्वहक्क आणि व्यापारचिन्ह यांत एक भेद आहे, आणि तो भाषाशास्त्रज्ञाने नीट समजून घेण्याजोगा आहे. स्वामित्वहक्क कृतीवर असतो व ठराविक काळ टिकतो. व्यापारचिन्ह शब्दावर असते आणि त्या शब्दाचा बाजारात वापर चालू असेतोच टिकते. वापर थांबला की मालकी विरते. शब्दाचे जीवन म्हणजे त्याचा वापर, हा आपला सिद्धान्त कायद्याने येथे निर्दयपणे अमलात आणलेला आहे. फॉसेट गप्प बसले आणि नाव मोकळे झाले. १९६६ मध्ये एका लहान प्रकाशनाने ‘कॅप्टन मार्व्हल’ नावाचा एक यांत्रिक मानव काढला; तो ‘स्प्लिट’ असे ओरडला की त्याचे हातपाय धडापासून सुटून उडत. तो फार टिकला नाही, यात नवल नाही. १९६७ मध्ये मार्व्हल कॉमिक्सने स्वतःचा कॅप्टन मार्व्हल आणला. तो परग्रहावरचा सैनिक, त्याचे खरे नाव ‘मार-व्हेल’, आणि पृथ्वीवरील माणसे ते ऐकून ‘मार्व्हल’ म्हणतात, अशी व्युत्पत्ती कथेत रचलेली आहे. व्यापारी गरजेपोटी आधी नाव घ्यावयाचे आणि मग त्यास परग्रहावरची व्युत्पत्ती जोडावयाची, ही लोकव्युत्पत्तीची एक विरळा जात होय. हा सैनिक १९८२ मध्ये कथेत कर्करोगाने मरण पावला. त्याच वर्षी त्याचे नाव एका स्त्री-व्यक्तिरेखेकडे गेले, आणि २०१२ पासून ते कॅरल डॅन्व्हर्सकडे आहे. नाव मरू देणे परवडण्यासारखे नव्हते.

इकडे ज्यांनी फॉसेटला गप्प केले होते, त्याच सुपरमॅनच्या प्रकाशकांनी १९७२ मध्ये जुन्या कॅप्टन मार्व्हलचे हक्क फॉसेटकडून करारावर घेतले. नायक मिळाला, पण नाव मुखपृष्ठावर छापता येईना. म्हणून १९७३ मध्ये मासिक निघाले ते ‘शझॅम!’ या नावाने. आत नायक कॅप्टन मार्व्हलच होता. बाहेर मात्र मंत्र. असे असता वाचक काय करतात, हे आपण जाणतोच. ग्रंथाच्या नावाने नायकास हाक मारावयाची, ही लक्षणा सर्व भाषांत चालते. बहुसंख्य अमेरिकनांच्या तोंडी तो ‘शझॅम’च झाला, आणि २०१२ च्या सुमारास प्रकाशकांनीही कथेतील नाव बदलून ते अधिकृत केले. याला कोणी वाङ्मयीन अपराध म्हटले, तरी मी तसे म्हणणार नाही. भाषिक समाजाने आधीच दिलेला निकाल तेथे फक्त नोंदविला गेला. मात्र बेक आणि पार्कर यांनी दिलेले नाव पुसले गेले, आणि ते कथेतील कोणत्याही कारणाने नव्हे, हेही तितकेच खरे. २०१९ च्या मार्च महिन्यात ‘कॅप्टन मार्व्हल’ हा चित्रपट झळकला आणि एप्रिलमध्ये ‘शझॅम!’. पहिल्यात नायकाचे जुने नाव होते, दुसऱ्यात जुना नायक होता.

या नामांतराने एक जुनी अडचण मात्र मोठ्या भावाकडे आली. ‘शझॅम’ हे नायकाचे नावही आणि मंत्रही. तेव्हा ‘मी शझॅम’ असे म्हणताच तो बिली बॅट्सन होतो. १९४१ मध्ये पांगळ्या फ्रेडीच्या वाट्यास आलेली स्थिती सत्तर वर्षांनी मूळ नायकाच्या वाट्यास आली. २०२३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत लेखक मार्क वेड यांनी यावर तोडगा काढला आहे. तेथे तो स्वतःस ‘द कॅप्टन’ एवढेच म्हणवितो. मंत्र उच्चारता येत नाही आणि ‘मार्व्हल’ छापता येत नाही; दोन्ही वगळून जे उरले, ते हे.